उपटून टाकलेल्या माल्बेकला एवढे सुगीचे दिवस कसे आले?

रानवाट

हल्ली रेड वाइनचा विषय निघाला की माल्बेकचं नाव आल्याशिवाय राहत नाही. जांभळट काळा रंग, पिकल्या आलुबुखारचा वास, जिभेला न बोचणारं टॅनिन, म्हणजे सालीतला तुरटपणा. पहिल्याच घोटाला सूत जुळतं. मलाही आवडते, तक्रार काही नाही. पण मला तिच्या चवीपेक्षा त्या द्राक्षाच्या नशिबाचं कुतूहल जास्त आहे, म्हणून हा धागा.

आज जगात जेवढं माल्बेक लावलेलं आहे त्यातलं साधारण तीन चतुर्थांश एकट्या अर्जेंटिनात आहे, ४०,००० हेक्टरच्या वर. गंमत अशी की याच अर्जेंटिनानं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे द्राक्ष मुळासकट उपटलं होतं. एके काळी ५०,००० हेक्टरच्या घरात असलेली लागवड १९९० च्या सुमारास १०,००० च्या आसपास आली. क्रिओया, सेरेसा असल्या गुलाबी सालीच्या, घड लगडणाऱ्या जाती टिकल्या, कारण देशातल्या गिऱ्हाइकाला साधी वाइन हवी होती आणि तीही पिंपानं.

बरं, माल्बेक मूळचं तिथलं नाहीच. ते नैर्ऋत्य फ्रान्सचं. मिशेल एमे पूजे हा फ्रेंच कृषितज्ज्ञ चिलेत काम करत होता. पुढे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झालेले दोमिंगो सार्मिएंतो यांच्या आग्रहावरून तो अर्जेंटिनातल्या मेंदोसाला आला आणि येताना फ्रेंच वाणांच्या काड्या घेऊन आला. मेंदोसात शेतकी शाळा आणि रोपवाटिका काढण्याचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ ला मांडला गेला. त्याची आठवण म्हणून २०११ पासून १७ एप्रिल हा जागतिक माल्बेक दिवस पाळतात. तिथले शेतकरी मात्र कितीतरी वर्षं या वाणाला नुसतं ‘फ्रेंच द्राक्ष’ म्हणायचे.

म्हणजे १८५३ ते १९९० द्राक्ष तेच, माती तीच, माणसंही तीच. मग त्यानंतरच्या तीस वर्षांत असं काय झालं? माझं उत्तर एका शब्दाचं आहे: उंची.

निकोलास कातेना हे शिक्षणानं अर्थशास्त्रज्ञ. मेंदोसातल्या वाइन करणाऱ्या घराण्यातले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते कॅलिफोर्नियात बर्कलीला पाहुणे अध्यापक होते. तिथून नापाचे मळे पाहिले आणि घरच्या वाइनकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. १९९२ मध्ये त्यांनी मेंदोसातल्या ग्वालतायारीत सुमारे १,४५० मीटरवर बाग लावली. एवढ्या थंडीत लाल द्राक्ष पिकायचंच नाही, असं तेव्हा त्यांना सांगितलं गेलं होतं. पिकलं, आणि कसं पिकलं! दर १०० मीटर चढलं की तापमान साधारण ०.६ अंशानं उतरतं. दिवसा लख्ख ऊन, रात्री बोचरी थंडी. त्यामुळे साखर भरते पण आंबटपणा टिकून राहतो. वर हवा विरळ, म्हणून अतिनील किरण जास्त. त्यापासून बचाव करायला मणी साल जाड करतो आणि सालीत रंगद्रव्य साठवतो. माल्बेकचा तो शाईसारखा रंग येतो तो इथून.

तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड

रानवाट, लिहिलंय झकास, पण उंची १८५३ मध्येही तेवढीच होती की हो! अँडीज काय १९९२ ला उगवला?

माझ्या मते खरी गोष्ट पैशाची आहे. १९७० च्या आसपास अर्जेंटिनात माणशी वर्षाला ८० ते ९० लिटर वाइन रिचवली जायची. तान्ही बाळं सोडली तर रोज जेवणाला पेला ठरलेला. मग बिअर आली, थंड पेयं आली आणि हा आकडा घसरत घसरत आता २० लिटरच्याही खाली आलाय. घरचं गिऱ्हाईक असं पाठ फिरवायला लागलं की कारखानदारापुढे दोनच रस्ते उरतात, बंद करा किंवा बाहेर विका. निर्यात हौसेनं सुरू झाली नाही, गळ्याशी आलं म्हणून झाली.

त्यात नव्वदच्या दशकात पेसो डॉलरशी एकास एक बांधलेला. म्हणजे बाहेरून यंत्रं, स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, फ्रेंच-अमेरिकन सल्लागार, सगळं आणणं परवडत होतं. जानेवारी २००२ मध्ये ती गाठ सुटली, पेसो कोसळला. देशातल्या सामान्य माणसाचे हाल झाले ते झालेच, पण ज्याची टाकी आधीच आलेली होती आणि ज्याला विक्रीचे पैसे डॉलरमध्ये मिळणार होते, त्याची चांदी झाली. यंत्रसामग्री महाग पेसोत घेतली आणि माल स्वस्त पेसोत विकला. नशीब म्हणा की योगायोग, पण उंचीचा यात संबंध नाही.

मधलीसुट्टी

अडाणी प्रश्न विचारू का? मला माल्बेक आणि मर्लो डोळे मिटून दिली तर ओळखता येत नाही. दोन्ही मऊ, दोन्ही आलुबुखार. माझी जीभ बिघडलीये की खरंच काही नातं आहे?

जुनंतेसोनं

मधलीसुट्टी, जीभ शाबूत आहे तुमची. नातं आहे, तेही सावत्र भावंडांचं. डीएनए तपासणीत निघालं की दोघांची आई एकच, मादलेन न्वार द शारांत नावाची जवळपास नामशेष झालेली वेल. मर्लोचा बाप कॅबरने फ्राँ, माल्बेकचा बाप प्रुनेलार, हे गायाक भागातलं जुनं द्राक्ष. एवढी दोन नावाजलेली लेकरं जन्माला घालणाऱ्या आईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आहे की नाही?

आता रानवाट यांच्यावर थोडा राग. फ्रान्सला तुम्ही ‘मूळचं नैर्ऋत्य फ्रान्सचं’ एवढ्या चार शब्दांत गुंडाळलंत. काओरवाल्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, मी मांडतो.

काओर हे लॉत नदीच्या वळणात वसलेलं गाव. तिथे माल्बेकला ‘को’ म्हणतात, जुनी मंडळी ‘ओसेर्वा’ म्हणतात, तिकडे सेंत-एमिलियोंच्या बाजूला ‘प्रेसाक’. नावं इतकी की हिशेब लागत नाही. इथली वाइन मध्ययुगापासून ‘काळी वाइन’ म्हणून ओळखली जायची. १३१६ मध्ये पोप झालेले बावीसावे जॉन काओरचेच. रशियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रसादाच्या गोड लाल वाइनला आजही ‘कागोर’ म्हणतात, ते नावसुद्धा इथलंच.

मग एवढं नाव असताना काओर मागे का पडलं? नदीमुळे. पिंपं लॉतमधून गारोन नदीत आणि तिथून बोर्दो बंदरात जायची. बोर्दोवाल्यांकडे जुन्या सनदा होत्या: आमची वाइन आधी विकली जाणार, वरच्या मुलखातली नंतर. वरच्या मुलखातल्यांनी पिंपं घेऊन थांबायचं, गलबतं निघून जाईपर्यंत. ही अडवणूक शतकानुशतकं चालली, १७७६ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री त्युर्गो यांनी ती मोडली. त्यानंतर शंभर वर्षं जरा बरी जातायत तोवर फिलॉक्झेरा आला, मुळं खाणारी ती कीड. आणि त्यातून सावरतायत तोवर फेब्रुवारी १९५६ चा कडाका. काओरमधल्या बहुतेक वेली त्या एका थंडीत मेल्या.

आणि इथे खरी गोष्ट येते. बोर्दोतही त्याच थंडीनं माल्बेक मारलं. बोर्दोनं परत लावलंच नाही, मर्लो लावलं. काओरवाल्यांनी मात्र हट्टानं पुन्हा माल्बेकच लावलं. १९७१ मध्ये त्यांना काओर या नावानं वाइन विकण्याचा स्वतंत्र अधिकृत दर्जा मिळाला, त्यात किमान ७० टक्के माल्बेक सक्तीचं, उरलेलं मर्लो किंवा ताना. जगात कुणी विचारत नव्हतं तेव्हा नियमात लिहून ठेवलेलं हे द्राक्ष आहे. अर्जेंटिनानं ते प्रसिद्ध केलं, मान्य. पण उपटलं नाही ते काओरनं.

कोरडीजमीन

बोर्दोनं का लावलं नाही यात भावनेपेक्षा शेतीचा भाग मोठा आहे.

माल्बेक लावणाऱ्याला विचारा, पहिली शिवी मणीगळीला देईल. फुलोऱ्याच्या वेळी गारठा किंवा पाऊस आला की फुलं गळतात, मणी सेट होत नाहीत, घड विरळा राहतो. एका वर्षी भरघोस, दुसऱ्या वर्षी अर्धं. त्यातून डाउनी ही बुरशी लवकर पकडते, वसंतातलं उशिराचं दव गोठलं तर कोवळे फुटवे काळे पडतात, सप्टेंबरात पाऊस लागला तर घड सडतो. अटलांटिकच्या दमट हवेत हे सगळं दर दोन-चार वर्षांनी. मर्लोही काही गुणाचं नाही, पण लवकर पिकतं आणि पदरात काहीतरी पडतं. ज्याचं घर त्या बागेवर चालतं तो काय करेल?

मेंदोसात वर्षाला पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. कोरडी हवा, डाउनीची भीती नावाला. म्हणजे या वाणाचे जे दुर्गुण होते ते तिथल्या हवेनं परस्पर झाकले. आकडेमोड, तुमचे डॉलर-पेसो बरोबरच आहेत, पण पाऊस ८०० मिलिमीटर पडला असता तर निर्यातीला माल आला असता कुठून?

आणखी एक. अर्जेंटिनात गेलेल्या काड्या फ्रान्समध्ये फिलॉक्झेरा येण्याच्या आधीच्या. नंतर फ्रान्समध्ये बागा नव्यानं लावताना निवडक रोपांवरच भर राहिला, जुनी विविधता बरीचशी संपली. मेंदोसाच्या जुन्या बागांत ती राहून गेली. काओरचा घड आणि मेंदोसाचा घड शेजारी ठेवून पाहिला तर मेंदोसाचा लहान, गच्च, मणीही बारीक दिसतो. मणी बारीक म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. तेव्हा ‘द्राक्ष तेच’ हे रानवाट यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. नाव तेच, काडी वेगळी.

रानवाट

जुनंतेसोनं, राग मान्य, माफी असावी. पोप आणि कागोर दोन्ही मला नवं.

कोरडीजमीन, काडीचा मुद्दा मी धरलाच नव्हता. म्हणजे उपटणं आणखीच वाईट म्हणायचं. ४०,००० हेक्टर जुन्या वेली गेल्या, त्यांच्याबरोबर किती प्रकार गेले असतील.

आकडेमोड यांना मात्र अजून उत्तर आहे. पैशानं माल बाहेर गेला, पण बाहेर जाऊन टिकला का? स्वस्त माल तर कितीतरी देशांनी पाठवला. आणि अँडीज होताच म्हणाल तर, वरच्या उतारांवर आधी कुणी फारशा बागा लावत नव्हतं.

पाटकरी

का लावत नव्हतं, तर पाणी चढत नाही म्हणून! धागा इतका पुढे गेला आणि पाण्याचं कुणी नावच काढलं नाही.

मेंदोसा म्हणजे वाळवंट. हिरवं जे दिसतं ते सगळं अँडीजच्या बर्फाचं पाणी. पाट काढायची पद्धत स्पॅनिश लोक येण्याआधीपासून, वार्पे लोकांची. शहरातल्या रस्त्यांच्या कडेनंसुद्धा पाट वाहतात. १८८४ चा पाण्याचा कायदा आजही चालतो आणि त्यात पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. जमीन विकली की पाणी तिच्याबरोबर जातं, सुटं विकता येत नाही. आपली पाळी आली की दार उघडायचं, मोकाट पाणी सोडायचं, पाळी संपली की बंद.

पाटाचं पाणी उताराच्या बाजूनं खालीच जाणार. त्यामुळे जुन्या बागा सगळ्या पाटाच्या खाली: लुहान दे कुयो, मायपू. मेंदोसातल्याच उको खोऱ्यातल्या वरच्या दगडगोट्यांच्या जमिनी पाटाच्या वर होत्या, तिथे गुरं चरायची. विंधनविहीर आणि ठिबक आल्यावर त्या उघड्या झाल्या. रानवाट म्हणतात ती उंची हाताशी आली ती ठिबकच्या नळीनं. आणि ठिबकचा सगळा सरंजाम कधी परवडला, तर आकडेमोड म्हणतात त्या दशकात. तुम्ही दोघं एकाच बागेच्या दोन टोकांना उभं राहून भांडताय.

कोरडीजमीन

पाटकरी, यात एक मेख आहे बघा. अर्जेंटिनात बहुतेक वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, किडीला दाद न देणाऱ्या दुसऱ्या वेलीच्या खुंटावर कलम नाही. फिलॉक्झेरा तिथे नाही असं नाही, पण वाळूमिश्र जमीन आणि बागेत साचणारं मोकाट पाणी यामुळे त्याचा जोर चालत नाही, असं मानतात. ठिबक केलं की पाणी साचायचं बंद. मग किडीला मोकळं रान. म्हणून हल्ली काहीजण नव्या बागेत खुंटावरच कलम करायला लागलेत. पाणी वाचवायला जावं तर मुळं उघडी पडतात.

पाटकरी

हो, आणि मोकाट पाणी चालू ठेवावं म्हटलं तर पाणी आहे कुठे? २०१० पासून त्या भागात बहुतेक वर्षं बर्फ कमीच पडलंय. बर्फ कमी म्हणजे नदी कमी, नदी कमी म्हणजे पाळी छोटी. त्यात डिसेंबर-जानेवारीतली गारपीट. दहा मिनिटांत वर्षाचं पीक झोडपून जाते, म्हणून कित्येक बागांवर जाळ्या ताणलेल्या असतात. आणि वसंतात सोंदा वारा, डोंगरावरून उतरणारा गरम कोरडा. ऐन फुलोऱ्यात सुटला की झालंच.

आकडेमोड

पाटकरी यांनी तह घडवून आणलाच आहे तर मी तलवार म्यान करतो. अर्धी.

उरलेली अर्धी लेबलासाठी. फ्रेंच बाटलीवर गावाचं नाव असतं, द्राक्षाचं शोधावं लागतं. काओर म्हणजे माल्बेक हे माहीत असणारा आधीच जाणकार असतो. अर्जेंटिनानं मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, माल-बेक असा दोन तुकड्यांचा, कुठल्याही भाषेत उच्चारता येणारा. शिवाय बोर्दोनं ते सोडून दिलेलं, त्यामुळे तुलनेला थोरला भाऊ कुणी नाही. कॅबरने लावलं असतं तर जन्मभर ‘बोर्दोसारखी आहे का?’ हा प्रश्न ऐकावा लागला असता. कातेनांनीसुद्धा सुरुवातीला बाहेरच्या बाजारासाठी भरवसा ठेवला होता तो कॅबरने आणि शार्दोनेवर. माल्बेकचा क्रम नंतर लागला.

गंमत म्हणजे पुढे काओरवालेच लेबलावर ‘माल्बेक’ मोठ्या अक्षरात छापायला लागले. बापानं मुलाच्या नावावर ओळख सांगावी तसं.

जुनंतेसोनं

लागलं हो मनाला. पण खरं आहे.

मला चिंता आहे ती दुसरी. एकाच वाणावर एवढी भिस्त बरी नाही. ऑस्ट्रेलियाची शिराझ अशीच डोक्यावर घेतली होती लोकांनी. मग सगळ्या बाटल्या एकाच साच्याच्या, गोडसर, जड लागायला लागल्या आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. अर्जेंटिनात बोनार्दा आहे, लाल द्राक्षांत माल्बेकच्या खालोखाल लागवड. तिचं नाव इटालियन, पण ती इटलीची बोनार्दा नव्हेच, फ्रान्समधल्या सावोयची दूस न्वार आहे. तिला कोण विचारतं?

रानवाट

साच्याचा धोका आहेच. मध्ये काही वर्षं माल्बेकही तशीच झाली होती असं माझं मत. ओकचा मारा, अतिपिकलेली, चहाच्या चमच्यानं खावी अशी. पण आता बऱ्याच बाटल्यांवर ‘मेंदोसा’च्या खाली आणखी बारीक नाव दिसतं: पाराहे आल्तामिरा, ग्वालतायारी, सान पाब्लो. उत्तरेला साल्तात तर ३,१११ मीटरवरही माल्बेक लावलंय. आल्तामिराच्या चुनखडी धरलेल्या गोट्यांवरची आणि लुहान दे कुयोच्या खोल मातीतली एकापाठोपाठ प्यायली तर एकच द्राक्ष वाटत नाही. पहिली ताठ, खडूसारखी कोरडी, फुलांच्या वासाची. दुसरी गुबगुबीत.

म्हणजे फिरून फिरून अर्जेंटिनावालेही गावाच्याच नावावर आले म्हणायचं. आकडेमोड, हसू नका.

आकडेमोड

हसलो.

मधलीसुट्टी

सगळ्यांचे आभार. धागा वाचून काल दोन बाटल्या आणल्या, एक काओर, एक उको खोऱ्यातली, आणि घरच्यांना कुठली कुठली ते न सांगता ओतली. माझी तरी ओळखायला चूक झाली नाही! उकोची लगेच बोलायला लागली, आलुबुखार, जांभळी फुलं, सगळं समोर. काओरची मात्र तोंड मिटून बसली. काळी, तुरट, हिरड्या ओढणारी. घरात मत पडलं चार विरुद्ध एक, तो एक म्हणजे मी, आणि तेही जुनंतेसोनं यांच्या भिडेखातर.

काही चुकलं का माझं?

जुनंतेसोनं

उघडून किती वेळ ठेवली होती?

मधलीसुट्टी

ठेवली म्हणजे? बूच काढलं आणि ओतली.

जुनंतेसोनं

अरे देवा. ती दोन तास तरी मोठ्या भांड्यात ओतून ठेवायची असते. उरलेली असेल तर बूच लावून ठेवा आणि उद्या संध्याकाळी पुन्हा चाखा. मग मतदान घ्या.

मधलीसुट्टी

उकोची संपली, काओरची अर्ध्याहून जास्त उरली आहे. म्हणजे एका अर्थी तुमचंच भलं झालं. उद्या कळवतो.

मधलीसुट्टी

कळवतो म्हणालो होतो. तीन विरुद्ध दोन. अजून हरलेलेच आहात, पण आईनं पक्ष बदलला.